दुसऱ्या वर्षीचं फूल

"फुलं गळून गेल्यावर कांदा कुंडीतून काढावा आणि तळघरात १३ अंशांवर दहा आठवडे ठेवावा." अ‍ॅमरिलिसबद्दल पहिल्यांदा शोधलं तेव्हा सापडलेली ही सूचना मी घरात मोठ्याने वाचून दाखवली होती. आम्ही मुलुंडला चौथ्या मजल्यावर राहतो. तळघर म्हणायचं तर सोसायटीची पाण्याची टाकी, आणि १३ अंश म्हणायचे तर फ्रिजचं दार चुकून उघडं राहिलं तर काही मिनिटं.

फुलासकट घरी आणलेली दोन झाडं पुढच्या वर्षी हमखास रुसतात. एक हे अ‍ॅमरिलिस, कांद्यातून येणारी मोठ्या फुलांची लिली; दुसरं ऑर्किड. दोघांचीही तक्रार ऐकू येते ती एकच: "पानं छान आहेत हो, पण फूल काही येत नाही." तक्रार एक असली तरी कारणं अगदी उलट आहेत, आणि त्यावरची माहिती बहुतेक बर्फाच्या देशांतल्या लोकांनी लिहिलेली. तिकडे झाडाला थंडीपासून वाचवायचं असतं. आपल्याकडे ती थंडी शोधत फिरावं लागतं.

झाडाला फुलायला दोन गोष्टी लागतात. गाठीला शिल्लक हवी, आणि वेळ झाल्याची खूण पटायला हवी. मुंबईत अ‍ॅमरिलिसचं अडतं ते शिल्लकीपाशी. ऑर्किडचं, म्हणजे दुकानात मिळणाऱ्या नेहमीच्या मोठ्या फुलांच्या ऑर्किडचं, अडतं ते खुणेपाशी. आपण मात्र अ‍ॅमरिलिसला उपाशी ठेवतो आणि ऑर्किडला खत घालत बसतो.

आधी कांदा. तीन वर्षांपूर्वी माझा एक कांदा पावसात सडला. अर्धा तरी बघू म्हणून सुरीने उभा कापला. आत कांद्यासारखेच थर, एकात एक बसलेले. पण नीट बघितल्यावर दोन थरांच्या मध्ये तांदळाच्या दाण्याएवढी, चपटी, पांढरट कळी दिसली. तिच्यापासून काही थर आत आणखी एक, मोहरीएवढी. बाहेर फुलाचा पत्ता नव्हता आणि आत दोन हंगामांची तयारी होऊन बसली होती.

ते थर म्हणजे जुन्या पानांची बुडं. पान वाळून गेलं तरी त्याचं बूड कांद्यात राहतं, आणि पानाने उन्हात केलेली कमाई तिथे साठते. साधारण चार पानांमागे एक फुलाचा दांडा आत धरतो, आणि तो बाहेर यायला वर्षभर, कधी त्याहूनही जास्त काळ लागतो. म्हणजे मार्चमध्ये दिसणारं फूल गेल्या वर्षीच्या पानांनी कमावलेलं असतं. फेब्रुवारीत घातलेल्या खताचा त्यात फारसा वाटा नसतो.

हे कळलं की पहिल्या वर्षीचं कोडंही सुटतं. हॉलंडहून आलेला मोठा कांदा, ज्याचा घेर २८–३० सेंटिमीटर असतो, तो नुसता कुंडीत ठेवून पाणी घातलं तरी दोन दोन दांडे काढतो. घरी आलेला पाहुणाही विचारतो, काय खत घालता? काहीच नाही. ती माहेरची शिदोरी आहे. तिकडच्या शेतात दोन-तीन वर्षं पानं वाढवून भरलेली. ती संपली की पुढचं तुमच्या बाल्कनीवर.

आणि नेमकं इथेच आपण घात करतो. फूल असेपर्यंत कुंडी हॉलमध्ये टीपॉयवर. फूल सुकलं की ती मागच्या ग्रिलमध्ये, जुन्या बादलीच्या आड. कुणी कुणी "पसारा नको" म्हणून पानंही छाटून टाकतं. खरं तर कमाईचे दिवस आता सुरू होतात. फूल सुकल्यावर फक्त दांडा बुडाशी कापायचा (तो पोकळ असतो, कापताना पाणी सांडतं, घाबरू नका), बी धरू द्यायचं नाही, आणि कुंडी घरातल्या सगळ्यात चांगल्या उन्हात हलवायची. मार्चअखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत रोज चार-पाच तास थेट ऊन मिळालं तर फार उत्तम. फक्त हॉलमधून एकदम मेच्या दुपारच्या उन्हात नको, पानं करपतात. आठवडाभर सकाळच्या उन्हाची सवय करावी.

माझा स्वतःचा ठोकताळा असा की ऑक्टोबरात पानं मोजायची. या हंगामात चारपेक्षा कमी पानं आली असतील तर पुढच्या वर्षी फुलाची आशा धरत नाही. पाच-सहा रुंद, ताठ पानं असली की मार्चची वाट बघते.

कुंडी फार मोठी नको. कांद्याच्या भोवती सगळीकडून इंचभर जागा राहील एवढी पुरे, आणि कांद्याचा वरचा निम्मा भाग मातीच्या बाहेर. आपल्याकडे लावताना पूर्ण गाडायची सवय असते, मग पावसात मानेशी पाणी साचतं आणि कांदा आतून मऊ पडतो. लाल माती, जुनं कुजलेलं शेणखत आणि जाड वाळू असं मिश्रण चालतं. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, कमीत कमी. जुलैत ते ओल्या पोतेऱ्यासारखं दिवसेंदिवस ओलंच राहतं. खत म्हणाल तर पानं वाढत असताना महिन्याला मूठभर गांडूळखत, अधूनमधून चिमूटभर राख किंवा हाडांचं खत. नायट्रोजनचा मारा केला की पानं लांब, लुळी होतात आणि कांदा मात्र पोसत नाही.

पावसाळ्यात या लिलीवर एक संकट येतं आणि ते एका रात्रीत येतं. काळ्या अंगावर पांढरे आणि लालसर-नारिंगी ठिपके असलेल्या अळ्या. दिसायला इतक्या सुंदर की माझ्या मुलीने पहिल्या वर्षी त्यांचे फोटो काढले आणि मला संध्याकाळी दाखवले. तोवर तीन पानांच्या नुसत्या कडा उरल्या होत्या. हा लिलीवरच वाढणारा पतंग आहे, शास्त्रीय नाव पॉलिटेला ग्लोरिओसी. नावातली ग्लोरिओसा म्हणजे आपली कळलावी, तिच्यावरही तो असतो. पानं संपली की अळ्या मानेतून कांद्यात शिरतात, म्हणून दुर्लक्ष करून चालत नाही. औषधाआधी चिमट्याने उचलून साबणाच्या पाण्यात टाकणं हाच खात्रीचा उपाय, कारण त्या घोळक्याने बसतात. जून ते सप्टेंबर दर दोन दिवसांनी पानांची खालची बाजू बघायची. अंड्यांचे पुंजके तिथेच सापडतात, बोटाने पुसले तरी जातात. दुसरा शत्रू बुरशी. पानांवर, दांड्यावर तांबडे लांबट ओरखडे दिसले की ते पान कापून कचऱ्यात टाकावं आणि पाणी वरून न ओतता मातीत घालावं. सुरी प्रत्येक वेळी धुवा. कांद्यात लायकोरिन नावाचं विषारी द्रव्य असतं. माणसाला उलट्या होतात, कुत्र्या-मांजरांना जास्त त्रास. स्वयंपाकघराच्या ओट्यावर हा कांदा सुटा ठेवू नये, कारण दिसायला तो खरोखर कांदाच आहे.

नावाचाही एक घोळ सांगून टाकते. आपण ज्याला अ‍ॅमरिलिस म्हणतो ते शास्त्रीय भाषेत हिपीअ‍ॅस्ट्रम, मूळचं दक्षिण अमेरिकेचं. खरं अ‍ॅमरिलिस दक्षिण आफ्रिकेतलं. कोणतं नाव कुणाचं यावर वनस्पतिशास्त्रज्ञ अनेक वर्षं भांडले आणि शेवटी १९८७ साली बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत निकाल आफ्रिकेच्या बाजूने लागला. बाजाराने तो निकाल मनावर घेतला नाही. हे का सांगितलं, तर इंटरनेटवर दोन वेगळ्या झाडांच्या सूचना एकाच नावाखाली मिसळलेल्या असतात, आणि आपल्याला हव्यात त्या हिपीअ‍ॅस्ट्रमच्या.

आता त्या १३ अंशांकडे. ट्युलिपला फुलायला थंडी लागतेच, म्हणून ट्युलिपचा कांदा लोक फ्रिजमध्ये ठेवतात. तीच युक्ती अ‍ॅमरिलिसवर करायची गरज नाही. फ्रिजमधले चार-पाच अंश त्याला जास्तच होतात, आणि भाजीच्या कप्प्यात पिकणारी फळं जो वायू सोडतात तोही कांद्याला मानवत नाही. याची कळी तर आत आधीच तयार असते. तिने थांबावं आणि मग एकदम उठावं एवढंच हवं असतं, आणि ते काम कोरडेपणाही करतो. या जातीच्या अनेक मूळ झाडांच्या गावी पाऊस आणि कोरडा काळ असे दोन स्पष्ट हंगाम असतात. आपल्यासारखेच.

तेव्हा नोव्हेंबर संपता संपता पाणी थांबवायचं. कुंडी कोरड्या सावलीत सरकवायची, बाल्कनी धुताना पाणी उडणार नाही अशा जागी. मी ती चक्क आडवी करून ठेवते. कारण घरातलं कुणी ना कुणी "बिचारी सुकली" म्हणून तांब्याभर पाणी घालतंच, आणि आडव्या कुंडीत पाणी घालायचं कुणाच्या मनात येत नाही. पानं पिवळी पडतात. पडू द्यावीत, त्यांच्यातला उरलासुरला रस कांद्यात उतरतो. हलक्या हाताने ओढल्यावर सुटतील तेव्हाच काढावीत. एखादं हिरवं राहिलं तरी हरकत नाही.

दहा-अकरा आठवड्यांनी, फेब्रुवारीच्या मध्यावर, कुंडी उभी करायची. वरची दोन बोटं माती काढून कुजलेलं शेणखत मिसळलेली ताजी माती घालायची आणि एकदाच पोटभर पाणी. मग टोक दिसेपर्यंत हात आवरायचा. टोक दिसलं की ते पानाचं की फुलाचं यावर घरात पैज लागते. पानाचं टोक चपटं असतं. फुलाचं जाडसर, भाल्याच्या पात्यासारखं, बहुधा कांद्याच्या मध्यातून न येता एका बाजूने वर येतं. त्यानंतर महिना-दीड महिन्यात फूल. दांडा उजेडाकडे झुकतो, म्हणून कुंडी रोज थोडी फिरवावी.

इतकं सगळं नको असेल तर एक सोपी वाट आहे. जुन्या चाळींच्या आवारात, सोसायटीच्या कुंपणाशी उन्हाळ्यात केशरी फुलांची जी लिली फुलते, तीही हिपीअ‍ॅस्ट्रमच. तिला कुणी आडवं करत नाही, कुणी पानं मोजत नाही. जमिनीत असते, ऊन खाते, पावसानंतर आपोआप कोरडी पडते. माळ्याकडे मागितली तर दोन पिल्लं सहज देतो. माझ्या मते सुरुवात तिच्यापासून करावी आणि मग हॉलंडच्या कांद्यावर पैसे घालावेत.

ऑर्किडकडे वळण्याआधी एक गैरसमज. सह्याद्रीत झाडाच्या फांदीवर ऑर्किड दिसलं की कुणीतरी म्हणतंच, "ते बघ बांडगूळ." बांडगूळ झाडात मुळं खुपसून त्याचा रस पितं. ऑर्किड फक्त बसायला जागा घेतं. मराठीत याला आमरी असंही नाव आहे. पाणी ते पावसाचं आणि हवेतल्या ओलाव्याचं घेतं, अन्न सालीच्या खाचांत कुजलेल्या पानांतून. त्याच्या मुळांवर स्पंजासारखं आवरण असतं. कोरडं असताना ते रुपेरी दिसतं, पाणी प्यायलं की काही सेकंदांत हिरवं. एकदा स्प्रे मारून बघा, रंग डोळ्यांदेखत बदलतो. म्हणून इथे मातीत बोट खुपसून ओल तपासायची सवय कामाची नाही. मुळं रुपेरी असतील तर पाणी घाला, हिरवी असतील तर राहू द्या.

भेट म्हणून येणारं, पांढऱ्या-जांभळ्या मोठ्या फुलांच्या कमानीचं ऑर्किड म्हणजे फॅलेनॉप्सिस. ते बहुतेक वेळा मॉसमध्ये, म्हणजे वाळवलेल्या शेवाळात, घट्ट कोंबलेलं असतं. वातानुकूलित दुकानात ते ठीक, पण आपल्या पावसाळ्यात त्या ओल्या गोळ्यात मुळं कुजतात. फुलं संपली की मॉस सोडवून झाड सालीचे तुकडे, लाकडी कोळसा आणि विटांचे बारीक खडे यांत लावावं. कोकणातल्या घरांत नारळाची सोडणं असतातच, तीही चालतात, फक्त दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवून घ्यावीत, म्हणजे क्षार निघून जातात. कुंडीला भोकं जितकी जास्त तितकं बरं.

पाण्याबाबत मुंबईकर नशीबवान आहेत. तानसा, भातसा, वैतरणा या तलावांतून येणारं आपलं पाणी मुळात साठवलेलं पावसाचंच, हलकं. रात्रभर बादलीत ठेवून सकाळी दिलं की झालं. ज्या सोसायट्यांत बोअरचं किंवा टँकरचं पाणी येतं तिथे कुंडीवर पांढरी पुटं धरतात. तशीच ती मुळांच्या टोकांवरही धरतात आणि टोकं जळतात. तिथे पिण्याच्या नळाचं पाणी वापरा. खत पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्याच प्रमाणात), लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा. महिन्यातून एक आठवडा नुसत्या पाण्याने खळखळून धुवायचं.

हे सगळं नीट केलं की पानं जाड होतात, मुळं कुंडीबाहेर लोंबू लागतात, आणि फूल? येत नाही. इथे खुणेचा प्रश्न येतो.

फॅलेनॉप्सिसला फुलाचा दांडा काढायचा निर्णय तापमान घ्यायला लावतं. सुमारे २६ अंशांच्या खालचा गारवा काही आठवडे मिळाला की ते दांडा काढतं. दिवसाचा बराच भाग २८–२९ अंशांच्या वर जात राहिला तर कितीही पोसलेलं असलं तरी पानंच काढत बसतं. बरोबरीने उजेडही हवा, गार पण अंधाऱ्या खोलीत दांडा येत नाही. आता मुंबईचं वर्ष डोळ्यांपुढे आणा. मेमध्ये रात्रीसुद्धा पारा २७ च्या आसपास. पावसाळ्यात रात्री २४–२६, ऑक्टोबरचं तर बोलायलाच नको. उरतात डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारीचा थोडा भाग. तेव्हाही दुपारी ३०–३१ होतं, पण काही तासच. म्हणजे आपलं शहर या झाडासाठी अगदी काठावर आहे, आणि काठावर असताना घर कुठे, खिडकी कुठली, यानेच निकाल फिरतो.

हे मला पुस्तकातून कळलं नाही, ताईमुळे कळलं. राणीच्या बागेतलं फुलझाडांचं प्रदर्शन बघून येताना आम्ही दोघींनी एकाच नर्सरीतून एकाच रंगाची दोन झाडं घेतली. ताई प्रभादेवीला राहते, समुद्रापासून दोन गल्ल्या आत. पुढच्या वर्षी माझ्या झाडाला दांडा आला, तिच्याला नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. ताईचा हात माझ्यापेक्षा चांगला, तिची तुळस बघून हेवा वाटतो. ती म्हणाली, "अगं, तू काहीतरी घालतेस आणि मला सांगत नाहीस." मी खरंच काही घालत नव्हते.

फरक जागेचा होता. समुद्र रात्री जमिनीइतका गार होत नाही, आणि त्याच्या शेजारची वस्तीही होत नाही. जानेवारीत कुलाब्याचं सरासरी किमान तापमान १९ अंशांच्या आसपास असतं, सांताक्रूझचं १७ च्या. मुलुंडला तर पाठीशी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. त्यातून ताईचं झाड बंद काचांच्या हॉलमध्ये, जिथे रात्रीही २६ च्या खाली काटा जात नव्हता. माझं ग्रिलमध्ये, उघड्यावर. बोरिवली, मुलुंड, ठाण्याकडच्या लोकांना जे आपोआप मिळतं ते दक्षिण मुंबईत खिडकी उघडून मिळवावं लागतं.

एसी लावून होईल का, असं बरेच जण विचारतात. तापमान योग्य असतं, पण हवा सुकी पडते आणि थेट झोतात आलेल्या कळ्या गळतात. दिवसा उजेडात आणि रात्री एसीच्या खोलीत अशी रोजची नेआण करायची तयारी असेल तर करून बघा. दोन महिने टिकेल अशी हौस मला जमली नाही.

उजेडाची परीक्षा पानाच्या रंगावरून होते. पालकासारखं गर्द हिरवं पान म्हणजे उजेड कमी. कोवळ्या कैरीच्या सालीसारखं जरा पोपटी म्हणजे बरोबर. तांबूस छटा आली तर ऊन जास्त. पूर्वेची खिडकी सगळ्यात सोयीची, पश्चिमेची भिंत टाळावी. दक्षिणेच्या खिडकीत डिसेंबरात सूर्य दुपारीही खालून, ४७–४८ अंशांवरून जातो, त्यामुळे ऊन खोलीत आतपर्यंत येतं, तिथे पातळ पडदा हवा. उत्तरेच्या बाल्कनीवाल्यांनी मेच्या मध्यानंतर सावध राहावं. शून्य सावलीचा दिवस, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो, उलटला की जुलैअखेरपर्यंत सूर्य दुपारी आपल्या उत्तरेला असतो. "आमच्याकडे ऊन येतच नाही" म्हणणाऱ्यांची पानं पाऊस सुरू होण्याआधीच्या त्या तीन-चार आठवड्यांत भाजतात.

जानेवारीत पानाच्या बेचक्यातून टोक येतं. ते मूळही असू शकतं. मुळाचं टोक गोल, गुळगुळीत, चकचकीत हिरवं. दांड्याचं टोक जरा चपटं, एका बाजूला दुमडलेलं, अंगठा जोडलेल्या लोकरी हातमोज्यासारखं. सुरुवातीचे आठ-दहा दिवस मात्र भल्याभल्यांना ओळखता येत नाही. दांडा असेल तर फूल उमलायला आणखी दोन-तीन महिने. या काळात झाडाची दिशा बदलू नका आणि जागाही. कळ्या धरल्यावर कुंडी "जरा शोभेला" हॉलमध्ये आणली की त्या पिवळ्या पडून गळतात.

माझ्या कळ्या एकदा वेगळ्याच कारणाने गळल्या. एप्रिलमध्ये देवगडहून हापूसच्या दोन पेट्या आल्या. गवत घालून आढी लावली ती पुढच्या खोलीत, पलंगाखाली. खिडकीत ऑर्किड, नऊ कळ्या, पहिली उमलायला आलेली. आंब्यांचा वास दरवळायला लागला आणि तीन दिवसांत कळ्या एकेक करून सुरकुतल्या. पिकणारं फळ इथिलीन नावाचा वायू सोडतं, ऑर्किडच्या फुलांना तो अगदी थोडाही सोसत नाही. झाड त्याला "हंगाम संपला" असं समजतं. आता आढी मागच्या खोलीत लागते, आणि केळ्यांचा घडही खिडकीपासून लांब. यजमानांचं म्हणणं, ऑर्किड लांब ठेवावं, आंबे का?

फुलं दोन-अडीच महिने टिकतात. ती गळल्यावर दांडा हिरवा असेल आणि झाड दणकट असेल, तर खालून दुसऱ्या किंवा तिसऱ्या पेरावर, डोळ्याच्या जरा वर कापावा. उसाला असतो तसाच हा डोळा, त्यातून कधी कधी फुलांची बारकी फांदी फुटते, कधी पिल्लू. झाड अशक्त असेल तर लोभ सोडून दांडा बुडाशी कापलेला बरा. कापल्या जागी दालचिनीची पूड लावतात, मीही लावते. पावसाळ्यात मात्र पानांच्या मधल्या पेल्यात पाणी साचू देऊ नका. रात्रभर साचलं की गाभा कुजतो आणि झाड वरून हिरवं दिसत असतानाच संपतं. कुंडी थोडी तिरकी टांगली की पाणी आपसूक निथळतं. पाणी घालायचं ते सकाळीच.

आणि हा सगळा गारव्याचा खटाटोप ज्यांना झेपणार नाही, त्यांनी डेंड्रोबियम घ्यावं. दादरच्या फुलबाजारात गुच्छांत दिसतात त्या जांभळ्या फुलांचं. मुंबईचा दमट उकाडा त्याला मनापासून आवडतो, थंडीची वाट ते बघत नाही. त्याची अट उजेडाची: सकाळचं दोन-तीन तास ऊन. त्याच्या उभ्या काठ्यांत पाणी आणि अन्न साठलेलं असतं, त्यामुळे पानं गळलेली जुनी काठी "वाळली" म्हणून कापू नका. ती हिरवट आणि भरीव असेल तर नव्या कोंबाला पोसते, आणि पुष्कळदा तिच्याच शेंड्याला पुन्हा तुरा येतो. सह्याद्रीत जानेवारी ते मार्चमध्ये डेंड्रोबियमच्या एका रानजातीच्या निष्पर्ण, वाळक्या दिसणाऱ्या काठ्यांवर पांढरी फुलं लगडलेली दिसतात, तिथे हेच चाललेलं असतं. ती फांदीवरच बघावीत. ट्रेकवरून पिशवीत घालून आणलेली रानातली ऑर्किडं मुंबईत बहुधा जगत नाहीत.

ताईच्या झाडाचं पुढे काय झालं ते राहिलंच. आता ते दर डिसेंबरात रिक्षा-ट्रेन करत मुलुंडला येतं. बाळंतपणाला माहेरी पाठवतात तसं, असं ताईच म्हणते. पहिल्या वर्षी सात फुलं घेऊन होळीनंतर सासरी गेलं. यंदा दुसऱ्या आठवड्यात आलं आणि २० जानेवारीला खालच्या पानाच्या बेचक्यात हिरवं टोक दिसलं. मी लगेच फोटो पाठवला. तिचा उलट प्रश्न आला, "मूळ की दांडा?"

आज पाचवा दिवस आहे. भिंग घेऊन दोनदा बघितलं. अजून सांगता येत नाही.